तुम्ही विचारा: समुद्राच्या खाली धान, अन् दारात बोट

मागच्या अंकात कुट्टनाडवर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. केरळातला आलेप्पी-कोट्टयमकडचा तो भाग, पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल अशा नद्या येऊन वेंबनाड तळ्याला मिळतात तिथं गाळावर वसलेला, शाळा-दुकान-दवाखाना सगळं पाण्यावरून. त्यावर एवढी पत्रं आली अन् एवढे व्हॉट्सॲप आले का संपादक म्हणाले, या महिन्याचं सदर त्यालाच देऊन टाका. तं घ्या. पत्रं थोडी कापली आहेत, नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवली.

लाखांदूर तालुक्यातून एक धानवाले भाऊ: आम्ही पाच घरचे मिळून दहा जण, सगळे धानवाले. यंदा चुकारे हाती आले का कुठंतरी जाऊन यावं म्हणून राहिलो. पोरगा म्हणते कुट्टनाडले चला, हाऊसबोटीत राहू. मी भाव पाह्यला तं डोळे पांढरे झाले. अन् आई सत्तरीची, तलावाच्या पाळीवर उभी राह्यली तरी तिचे पाय कापतात. जावं का, कधी जावं, अन् हाऊसबोटीशिवाय काही दिसते का?

जा भाऊ, अन् हाऊसबोटीशिवाय जास्त दिसते. हे मी अनुभवानं सांगून राहिलो कारण पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पण हाऊसबोटच केली होती. फोनवर एजंटनं फोटो पाठवला एका बोटीचा, उभी होती दुसरीच, एसी रात्री नऊला सुरू होणार हे पैसे दिल्यावर सांगितलं, अन् संध्याकाळी साडेपाचला बोट एका काठाला बांधून टाकली ती सकाळपर्यंत. साडेपाचनंतर फिरूच देत नाहीत, मासेमारांची जाळी पडतात म्हणून, अन् तो नियम चांगलाच आहे. पण मंग रात्रभर आपल्या शेजारी आणखी सहा बोटी अन् सहा जनरेटर. बायको म्हणे यापेक्षा आपल्या गावच्या लग्नात झोप बरी लागते.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडंल. या हाऊसबोटी मुळात धानाच्या गाड्या. केट्टुवळ्ळम म्हणतात, म्हणजे बांधलेली नाव. फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या, खिळा नाही, अन् त्यातून कुट्टनाडचं धान कोचीच्या बाजारात जायचं. रस्ते झाले, ट्रक आले, नावा पडून राहिल्या, अन् १९९० नंतर कोणीतरी त्यावर छप्पर चढवून पलंग टाकले.

आता स्वस्तातलं. आपल्याकडं जशी एसटी तशी तिथं सरकारी बोट. राज्याचं जलवाहतूक खातंच आहे, १९६८ पासूनचं, मुख्य ऑफिस आलेप्पीत. आलेप्पीच्या जेटीवरून नेडुमुडी, कावालम, पुळिंकुन्न, अशा गावोगावच्या बोटी सुटतात अन् तिकीट एसटीपेक्षा महाग नाही. मी म्हणतो तुम्ही कोट्टयमला गाडीतून उतरा अन् आलेप्पीला बोटीनंच जा, अडीच तास लागतात अन् कुट्टनाड मधोमध कापत जाते. (निघायच्या आधी जेटीवर टाइम विचारून घ्या, कधी कधी कालव्यावरच्या पुलाचं काम निघते अन् बोट अलीकडूनच सुटते.)

बोटीत लाकडी बाकं असतात, आईला मधल्या बाकावर बसवा, पाणी तळ्यासारखं शांत, हेलकावा जवळपास नाहीच. पुढं वर बसते तो स्रांक, म्हणजे आपल्या कोकणातला सारंगच. तो सुकाणू धरते, पण इंजिन त्याच्या हातात नाही, इंजिनवाला वेगळा, मागं खाली बसलेला, त्याला पुढचं काही दिसत नाही. मंग स्रांक दोरी ओढून घंटी वाजवते अन् त्या घंटीच्या हिशोबानं खालचा माणूस स्पीड कमी-जास्त करते. मी अर्धा प्रवास ती घंटीच ऐकत होतो. स्टॉप म्हणजे कोणाच्या तरी घरापुढचा सिमेंटचा ओटा. एक बाई गॅस सिलेंडर घेऊन चढली, पुढच्या ओट्यावर दोन पोरी दप्तरं घेऊन, त्याच्या पुढं एक म्हातारा खताची चुंगडी घेऊन उतरला, बोट पुरती थांबलीच नाही, नुसती ओट्याला घासली, लस्कर म्हणून एक पोऱ्या असते त्यानं चुंगडी खाली ठेवली अन् एका हातानं म्हाताऱ्याला पण. तुमच्या आईलाही तो असाच उतरवंल, काळजी नको.

कधी जावं: रोवणा झाल्यावर ऑगस्टात नाही. तेव्हा तिथं पुष्कळ शेतं पाण्याखाली असतात, शेत अन् नदी वेगळी ओळखू येत नाही. नावांची शर्यत पाह्यची असंल तं गोष्ट वेगळी, नेहरू ट्रॉफी बहुतेक ऑगस्टात असते, शंभराच्या वर वल्हेवाले एका नावेत. पण तुम्ही धानवाले, तुम्ही धान पाहायला जा. त्यांचं मुख्य पीक पुंजा. पावसाळा संपला का शेतातलं पाणी उपसतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोड आलेलं बी फेकतात, आपल्या आवत्यासारखं, अन् मार्च-एप्रिलपर्यंत कापणी. म्हणजे तुमचा चुरणा आटोपून सोसायटीत धान मोजलं का डिसेंबर-जानेवारीत निघा, तिथं तेव्हा सगळं हिरवंगार असते. नागपूर नाहीतर बल्लारशाहून केरळ एक्सप्रेस धरा, कोट्टयमला उतरवते, सव्वा-दीड दिवसाची गाडी. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडते, दहा जणांचं म्हणजे पहिल्याच दिवशी बसा.

मूल तालुक्यातून सातवीतली एक वाचक: काका, तुम्ही लिहिलं का तिथली जमीन समुद्रापेक्षा खाली आहे. मंग तिथं पाणी भरत काहून नाही? सरांना विचारलं तं सर म्हणाले मासिकवाल्यांनाच विचार.

सर हुशार आहेत तुमचे.

बेटा, तुझ्या गावाजवळ मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असंलच, मूलकडं नसंल असं गाव कमी. त्याच्या पाळीवर उभी राहा. एका बाजूला तलावाचं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली बांध्या. नीट पाह्यलं तं बांधीपेक्षा पाणी वर आहे, तरी बांधी बुडत नाही कारण मधात पाळ आहे. कुट्टनाडात हेच, फक्त पाळ एका बाजूला नाही, शेताच्या चारही बाजूंनी. शेत म्हणजे परातीसारखं, अन् परात पाण्यात ठेवलेली. अशा एका परातीला पाडशेखरम म्हणतात, त्यात पुष्कळ शेतकऱ्यांच्या बांध्या असतात. तळ कुठं समुद्रापेक्षा मीटरभर खाली, कुठं दोन मीटर.

मी अशा एका पाळीवरून चाललो. नारळाची झाडं, एक सायकल जाईल एवढी वाट, उजव्या हाताला नदी, त्यात एक नाव चाललेली. डाव्या हाताला धान. नाव माझ्या पोटऱ्यांच्या उंचीवर होती अन् धानाचे शेंडे माझ्या पायाच्या कितीतरी खाली. पाच मिनिटं डोकं गरगरलं.

पण पाळीतून पाझरते, वरून पाऊस पडते, मंग पाणी साचणारच ना. ते उपसत राहावं लागते. जुन्या काळी चक्रम होतं, लाकडाचं मोठं चाक, त्याला पाती, अन् माणसं वर बसून पायानं पाती ढकलायची, दिवसरात्र, पाळीपाळीनं. आता पेट्टी अन् परा. पेट्टी म्हणजे पेटीच, लाकडाचा लांब खोका पाळीतून आरपार आडवा टाकलेला. परा म्हणजे उभं पिंप, त्यात खाली पंखा, वर विजेची मोटर. मोटर सुरू झाली का पिंपात पाणी चढते अन् पेटीतून धबाधबा नदीत पडते, सोबत धानाची पानं, शेवाळ, मधूनच एखादी बारकी मासोळी, अन् त्या मासोळ्यांसाठी बगळे रांगेत बसलेले. मी तिथं पाऊण तास उभा होतो, बायको चिडून पुढं निघून गेली. आपल्याकडं मोटर लागते शेतात पाणी आणायला, तिथं लागते फेकायला, अन् वीज गेली का शिव्या दोन्हीकडं सारख्याच. हे पाणी काढायचा ठेका लिलावानं जाते म्हणे, त्यावरून राजकारण आलंच.

अन् ही शेतं आयती नव्हती हे पण तुझ्या सरांना सांग. कितीतरी शेतं तळ्याच्या पाण्यातून काढलेली आहेत. नारळाचे बुंधे पाण्यात दोन रांगांत ठोकायचे, मधात बांबूचे तट्टे, अन् तळाशी बुडी मारून चिखल वर आणून भरायचा. १९४० च्या दशकात जोसेफ मुरिक्कन नावाच्या जमीनदारानं चित्तिरा, मार्ताण्डम अन् राणी अशी तीन मोठी शेतं वेंबनाडातून उभी केली, राजघराण्याची नावं दिली. नाव त्याचं झालं, बुडी मारणारे मात्र बहुतेक पुलय समाजाचे मजूर, दलित. जमिनीवर तेव्हा त्यांचं नाव लागलं नाही. आपल्याकडं मामा तलावाला नाव मालगुजाराचं लागलं, अन् टोपलं कोणाच्या डोक्यावर होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या एफएओनं, म्हणजे अन्न अन् शेती संघटनेनं, २०१३ मध्ये या समुद्राखालच्या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान दिला. अन् तुझ्या बाबांना एक विचार, उमा धान ठाऊक आहे का. तिकडं सगळीकडं तेच. त्याचा नंबर एमओ १६, अन् एमओ म्हणजे मंकोंबू, कुट्टनाडातलंच गाव, तिथं भात संशोधन केंद्र आहे. हरित क्रांतीवाले एम. एस. स्वामिनाथन यांचं मूळ गावही तेच.

आरमोरी तालुका, वैनगंगेच्या काठावरून: आम्ही ढिवर. डोंगा अन् जाळं यावरच घर चालते, म्हणजे चालायचं. तुम्ही धानाचं लिवलं, मासेमारायचं एक ओळ नाही. तिकडले लोक काय करून राह्यले?

चूक झाली भाऊ, मान्य.

तिथं मासोळ्यांइतकाच धंदा शिंपल्याचा. कक्का म्हणतात, काळी शिंपली, वेंबनाडच्या तळाशी गाळात असते. पहाटे बारक्या नावेतून जातात, कोणी लांब बांबूला लावलेल्या दात्याच्या जाळीनं तळ खरवडते, कोणी बुडी मारते. घरी आणून मोठ्या भांड्यात उकळायचं, तोंड उघडलं का चाळणीनं मांस वेगळं, हे काम बायांचं. मांस बाजारात, अन् शिंपल्यांचे ढीग चुन्याला. काही घरांपुढं ढीग छपराएवढे. मासोळ्यांत करीमीन सगळ्यात भाव खाणारी, राज्याचा मासाच आहे तो. हॉटेलात केळीच्या पानात भाजून देतात, चांगली लागते, पण काटे लय.

भांडण कशाचं ते ऐका. उन्हाळ्यात नदीचं पाणी कमी झालं का समुद्राचं खारं पाणी वर चढते अन् धान जळते. म्हणून तण्णीरमुक्कम इथं वेंबनाडवर बंधारा बांधला, १९७६ पासून वापरात आहे. डिसेंबरात दारं बंद, मार्च-एप्रिलात उघडायची. धान वाचलं. पण पाणी अडलं का खाऱ्या-गोड्यात ये-जा करणारे मासे अन् झिंगे अडकले, शेतातलं औषध-खत तिथंच कुजते, अन् जलकुंभी एवढी माजते का नाव वल्हवायची सोय नाही. आपल्या तलावात जसं बेशरमनं काठ गिळला तसंच. धानवाले म्हणतात अजून पंधरा दिवस बंद ठेवा, मासेमार म्हणतात आत्ताच उघडा, दरवर्षी तेच. मला विचाराल तं बाजू मासेमारांची जड वाटते, कारण पेरणी लांबवायची धानवाल्यांनी अन् त्याची किंमत भरायची जाळंवाल्यांनी हे बरोबर नाही. धानवाले वाचक रागावतील, रागवोत.

डोंगा तिथं घरोघरी, आपल्याकडं मोटारसायकल असते तसा. पोरं त्यातून दूध आणायला जातात.

ब्रह्मपुरी तालुक्यातून: साहेब, २०२० च्या ऑगस्टात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. नावेनं बाहेर काढलं आम्हाला. पाण्यातलं जगणं पाह्यला कोणी पैसे खर्चून जाते का? गंमत वाटते काय?

नाही वाटत. अन् तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

कुट्टनाडच्या लोकांना विचारलं तं तेही हेच म्हणतील. २०१८ च्या ऑगस्टात केरळात जो महापूर आला त्यात कुट्टनाड जवळपास सगळं रिकामं करावं लागलं, पाळी फुटल्या, अन् पाणी उतरल्यावरही घरं हप्तेच्या हप्ते ओलीच. आलेप्पी-चंगनाश्शेरी हा तिथला मुख्य रस्ता, २४ किलोमीटरचा, दर पावसाळ्यात बुडायचा, त्या पुरानंतर तो उचलून बांधायला घेतला.

मी ज्या होमस्टेला राहिलो तिथल्या ताईनं, मी सकाळी काठावर बसून चहा पित होतो तं मला प्यायच्या पाण्याचा ड्रम दाखवला. चहूकडं पाणी, पायरीपर्यंत पाणी, अन् प्यायचं पाणी नावेतून येते. ज्या दिवशी आलं नाही त्या दिवशी ती शेजारच्या गावाला घागरी घेऊन बोटीनं जाते. हे सांगताना ती हसत नव्हती, अन् मी पण फोटो काढला नाही. भिंतीवर माझ्या खांद्याएवढी एक पिवळट रेघ होती. मी बोट दाखवलं तं म्हणाली, "ट्वेंटी एटीन." तुमच्या घरात पण असंल अशी रेघ.

म्हणून मी हाऊसबोटीला नाही म्हणतो. जायचंच असंल तं अशा घरी जाऊन राहावं, पैसे त्या घरात जातात. तुम्हाला जा असं मात्र मी म्हणणार नाही.

गोंदियाहून एक ताई: खाण्याचं काय? आम्ही शुद्ध शाकाहारी, अन् ह्यांना तिखटाशिवाय चालत नाही. देवदर्शन आहे का काही?

ताई, भात लाल अन् जाडा मिळंल, मट्टा म्हणतात, उसना म्हणजे उकडा असते. गोंदियाच्या माणसाला उसन्याचा वास नवा नाही. केळीच्या पानावर सद्या, म्हणजे तिकडचं पंगतीचं जेवण, मिळाली तं पोटभर शाकाहारी. फक्त सगळ्यात खोबरं अन् खोबऱ्याचं तेल. ह्यांच्यासाठी ठेच्याची डबी न्याच.

दर्शनाला अंबलप्पुळाचं कृष्ण मंदिर, आलेप्पीजवळच. पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागते, ह्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे दारात वाद नको. प्रसाद पाल पायसम, तांदूळ-दूध-साखर आटवलेली, गुलाबीसर रंगाची. त्याची गोष्ट अशी का देव म्हाताऱ्याच्या रूपात आला अन् राजाशी बुद्धिबळ खेळला, पैजेत काय मागितलं तं तांदूळ, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्ट घरांपर्यंत दुप्पट. राजा हरला, कोठारं संपली पण हिशोब संपेना. शेवटी देव म्हणाला, जमंल तसं फेड, रोज पायसम वाट. ती फेड अजून सुरू आहे म्हणतात.

सिरोंचा तालुक्यातून: केरळ लय दूर होते. जवळ काही आहे काय असंच?

तुम्हीच विचारता हे! अहो तुमच्या गावावरूनच रस्ता जाते, म्हणजे पाणी जाते. वैनगंगा अन् वर्धा मिळून प्राणहिता, ती तुमच्या सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, अन् तेच पाणी पुढं आंध्रात राजमहेंद्रवरमजवळच्या धवळेश्वरमला पोचते. तिथं आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरनं बांधलेलं, १८५२ मध्ये पुरं झालेलं धरण होतं, आता त्या जागी नवा बॅरेज आहे. त्याच्या खाली नदीच्या गौतमी अन् वसिष्ठा अशा शाखा फुटतात, अन् मधात कोनसीमा. धान, नारळ, कालवेच कालवे. कुट्टनाडसारखं घरोघरी नाव नाही, रस्ते बरे आहेत, पण शांत आहे अन् हाऊसबोटवाले मागं लागत नाहीत. आत्रेयपुरम गावात पूतरेकुलु खा, तांदळाच्या पिठाचं पातळ पाणी तापलेल्या पालथ्या मडक्यावर फिरवतात अन् कागदासारखा पापुद्रा सुटते, त्यात तूप अन् गूळ-साखर घालून घडी करतात. बाया एका मिनिटात दोन-तीन काढतात, मी एक काढायला गेलो तं बोट भाजलं.

सखिनेटिपल्लीहून नरसापूरला वसिष्ठा ओलांडायला पंटी आहे, माणसं, मोटारसायकली, गाड्या सगळं त्यावर. पंटीवरच्या पोऱ्यानं विचारलं कुठून आले. मी म्हटलं वैनगंगेकडून. त्याला वैनगंगा ठाऊक नव्हती. म्हटलं प्राणहिता? तेव्हा मान हलवली अन् हातानं वरच्या अंगाला दाखवत तेलुगूत काहीतरी बोलला, शेजारच्या माणसानं हिंदीत सांगितलं, "बोल रहा है, बारिश में लाल पानी उधर से आता है."